विश्लेषण : सॉफ्टबॉलमध्ये बेस अंपायर बेसपासून लांब का उभा राहतो? दोन पंचांच्या सामन्यात कोण काय बघतो?

मैदानावर पंच दोनच आणि बेस चार. तरीही प्रत्येक चेंडूवर निर्णय द्यावाच लागतो. हे जमते ते धावण्याच्या वेगामुळे कमी आणि उभे राहण्याच्या जागेमुळे जास्त.

शालेय किंवा जिल्हा पातळीवरच्या सॉफ्टबॉल सामन्यात एक वाक्य हमखास कानावर पडते : 'अहो सर, एवढ्या लांबून दिसलं तरी का तुम्हाला?' पहिल्या बेसवर रनरचा पाय आणि फिल्डरच्या ग्लोव्हमधला चेंडू जवळपास एकाच क्षणी पोहोचलेले असतात. पंचाचा हात 'आउट' म्हणून वर जातो आणि बाहेर बसलेल्या प्रशिक्षकांना, पालकांना दिसते ते एवढेच की, पंच बेसपासून पाच मीटर लांब होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ हुज्जतीपुरता राहत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आहे. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य आणि तिथून राष्ट्रीय अशी ही शिडी आहे. खेळाडूने कोणती पायरी गाठली, यावर दहावी-बारावीच्या निकालातले सवलतीचे क्रीडा गुण ठरतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाचा विचारही कामगिरीच्या प्रमाणपत्रावरच होतो. सातव्या डावातल्या एका चुकीच्या 'सेफ'ने संघ घरी जाऊ शकतो. जिल्ह्याच्या मैदानावर रिप्ले नसतो. जे काही असते ते दोन पंचांचे चार डोळे.

मैदान केवढे आणि पंच किती?

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर असते. महिलांच्या सामन्यात पिचर होम प्लेटपासून ४३ फुटांवरून (१३.११ मीटर) चेंडू टाकते. होम प्लेट ते दुसरा बेस हा चौकोनाचा कर्ण. पायथागोरसच्या हिशेबाने तो सुमारे ८५ फूट भरतो.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तीन किंवा चार पंच असतात. आपल्याकडच्या बहुतेक सामन्यांत मात्र दोन. कॅचरच्या मागे मास्क लावून उभा राहतो तो प्लेट अंपायर. बॉल-स्ट्राइक आणि होम प्लेटवरचे निर्णय त्याचे. दुसरा बेस अंपायर. पहिला, दुसरा आणि तिसरा या तिन्ही बेसवरच्या बहुतांश निर्णयांची जबाबदारी त्याच्यावर असते. एक माणूस तीन ठिकाणी उभा राहू शकत नाही, म्हणून पुढचा निर्णय कुठे लागण्याची शक्यता जास्त आहे, हे ओळखून त्याने आधीच जागा घ्यायची असते.

पिच पडण्याआधी तो कुठे असतो?

रनर कोणत्या बेसवर आहे, यावर हे ठरते. पंचांच्या बोलीत या जागांना 'ए', 'बी' आणि 'सी' म्हणतात. संघटनेनुसार तपशिलात थोडा फरक असतो, पण ढोबळ मांडणी अशी :

• बेस रिकामे असतील तर 'ए' : पहिल्या बेसच्या पलीकडे, फाउल रेषेच्या अगदी लगत, पण फाउल भागात. बेसपासून साधारण १८ ते २१ फूट मागे.

• फक्त पहिल्या बेसवर रनर असेल तर 'बी' : पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधोमध, सेकंड बेसमनच्या मागे, थोडे बाजूला.

• दुसऱ्या बेसवर रनर असेल तर 'सी' : दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या दरम्यान, शॉर्टस्टॉपच्या मागे, थोडे बाजूला.

'बी'वरून पिचरचा हात आणि पहिल्या बेसवरच्या रनरचा पाय एकाच नजरेत यावा लागतो. कारण चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. सोडला तर चेंडू मृत आणि रनर आउट. हे पाहण्यासाठी पंचाला मान इकडून तिकडे फिरवावी लागली, तर तेवढ्यात तो क्षण निसटलेला असतो.

बेसबॉलमधला पंच आत उभा राहतो, मग इथे बाहेर का?

दोन पंचांच्या बेसबॉल सामन्यात बेसवर रनर असताना बेस अंपायर बेसच्या चौकोनात, पिचरच्या मागच्या बाजूला उभा राहतो. तिथे बेसमधले अंतर ९० फूट असते, त्यामुळे आत जागा मोकळी असते. शिवाय रनर पिचच्या आधीच बेस सोडून पुढे सरकू शकतो आणि पिचर त्याला पकडण्यासाठी चेंडू बेसकडे फेकू शकतो. ते पाहायला आतली जागा सोयीची.

सॉफ्टबॉलचा चौकोन लहान आहे आणि चेंडू फिल्डरपर्यंत फार लवकर पोहोचतो. आत उभा असलेला पंच टोलावलेल्या चेंडूच्या वाटेत येईल, नाहीतर फिल्डरच्या थ्रोच्या. रनर आधी निघू शकत नसल्याने आत असण्याचा मोठा फायदाही उरत नाही. म्हणून इथे पंच फिल्डरच्या पाठीमागे थांबतो आणि चेंडू कुठे गेला हे पाहून हलतो.

लांबून जास्त चांगले कसे दिसते?

पंच प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे आधी कोन, मग अंतर.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे पटकन समजेल. चेंडू टोलावल्यावर गोलंदाजाच्या टोकाचा पंच यष्टींच्या मागे थांबत नाही, तो पळत बाजूला जातो. धावबादचा निर्णय देताना क्रीज त्याला आडवी दिसायला हवी असते. समोरून येणारी बॅट रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे मागून कळत नाही. रुळांच्या रेषेत उभे राहिले तर समोरून येणारी लोकल किती लांब आहे हे कळणे कठीण. बाजूने पाहिले की लगेच कळते. नजरेच्या दिशेत असलेले अंतर डोळ्याला आखडलेले दिसते, आडवे अंतर पुरते दिसते.

सॉफ्टबॉलमध्ये निर्णय दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींचे कोन वेगळे.

पहिला फोर्स प्ले. रनरला त्या बेसवर जावेच लागते, त्यामुळे फिल्डरने चेंडू हातात असताना बेसला पाय लावला तरी पुरते. चेंडू झेलताना फिल्डर थ्रोच्या दिशेने अंग ताणतो. एका टोकाला बेसवरचा पाय, दुसऱ्या टोकाला ग्लोव्ह. ही दोन्ही टोके एकदम दिसायची तर पंचाने थ्रोच्या रेषेला साधारण ९० अंशांत उभे राहायला हवे. अंतर १५ ते १८ फूट, म्हणजे साडेचार ते साडेपाच मीटर. त्याहून जवळ गेले तर पाय पाहताना ग्लोव्ह नजरेबाहेर जातो आणि ग्लोव्ह पाहताना पाय.

दुसरा टॅग प्ले. इथे रनरच्या अंगाला चेंडू लावावा लागतो. प्रश्न असतो तो ग्लोव्ह आणि शरीर यांमधल्या फटीचा. त्यामुळे पंच रनरच्या वाटेला ९० अंशांत, बेसच्या किंचित अलीकडच्या जागेकडे तोंड करून थांबतो. अंतर कमी, १० ते १२ फूट.

आता पहिल्या परिच्छेदातला पंच पुन्हा पाहा. पहिल्या बेसवर फोर्स प्ले असेल, तर पाच मीटरवरचा तो पंच त्याच्या जागेवरच होता. तो बेसला खेटून उभा असता, तर मात्र शंका घ्यायला जागा होती.

शॉर्टस्टॉपकडून थ्रो येतो तेव्हा 'ए'वरचा पंच फाउल रेषा ओलांडून दोन-चार पावले मैदानात येतो, तो याच कोनासाठी. सेकंड बेसमनने पहिल्या बेसच्या जवळूनच थ्रो केला, तर त्याला रेषेबाहेर राहणे सोयीचे पडते. चेंडू कुठून येणार, त्यानुसार जागा बदलते.

निर्णयात कानाचे काय काम?

पहिल्या बेसवर पंच सहसा डोळ्यांनी बेस पाहतो आणि कानांनी चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकतो. एकाच वेळी उंचावरचा ग्लोव्ह आणि जमिनीवरचा पाय यांवर डोळे स्थिर ठेवता येत नाहीत. थ्रो नीट येतो आहे हे दिसले की नजर बेसवर खिळते.

यात थोडे भौतिकशास्त्र आहे. आपल्याकडच्या उन्हात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. पंच साडेपाच मीटरवर असेल तर ग्लोव्हचा आवाज त्याला सेकंदाच्या सुमारे १६ सहस्रांशाने उशिरा ऐकू येतो. तेवढ्या वेळात सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणारी खेळाडू नऊ-दहा सेंटिमीटर पुढे जाते. पंच होम प्लेटच्या अंतरावर, म्हणजे १८ मीटरवर असेल तर उशीर ५२ सहस्रांशांचा होतो आणि खेळाडू ३१ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एका पावलाहूनही जास्त. लांबून निर्णय देणाऱ्याला रनर खऱ्यापेक्षा आधी पोहोचल्यासारखी वाटू शकते. कोन पहिला, हे खरे. पण अंतरालाही मर्यादा आहे ती यासाठी. प्रेक्षकांतून 'सेफ होती' म्हणणारा तर त्याहूनही लांब बसलेला असतो.

दुसरा नियम थांबण्याचा. पळता पळता पाहिले तर डोळ्यांसमोरचे चित्र हलते. पंच योग्य जागेपासून दोन पावले मागे असला तरी खेळ घडताना त्याने स्थिर असावे, असे शिकवले जाते. खेळ पूर्ण होऊ द्यायचा, चेंडू ग्लोव्हमध्ये टिकला आहे ना हे पाहायचे आणि मगच हात वर करायचा. घाईत 'आउट' दिला आणि चेंडू जमिनीवर घरंगळताना दिसला, तर पुढचे दहा मिनिटे वादात जातात.

'चेंडू आत, पंच बाहेर; चेंडू बाहेर, पंच आत' म्हणजे काय?

बेस अंपायरच्या हालचालीचे हे सर्वांत उपयोगी सूत्र.

चेंडू इनफिल्डमध्येच राहिला तर पंच चौकोनाबाहेर राहतो. फिल्डरच्या वाटेत न येता त्याला थ्रोचा कोन मिळतो.

चेंडू आउटफिल्डमध्ये गेला तर पंच चौकोनाच्या आत शिरतो. आता चेंडू बाहेरून आत येणार असतो. चौकोनाच्या मध्याजवळ असलेल्या पंचाला कोणताही बेस काही पावलांवर असतो. चेंडू, थ्रो घेणारा फिल्डर, रनर आणि बेस या चार गोष्टी नजरेसमोर ठेवणे हा हेतू. यातली एक जरी पाठीमागे गेली तरी निर्णय अंदाजावर येतो.

बेस रिकामे असताना फटका आउटफिल्डमध्ये गेला तर 'ए'वरचा पंच पळत आत येतो, वळतो, बॅटर-रनरने पहिल्या बेसला पाय लावला का हे पाहतो आणि तिच्या पुढे राहून दुसऱ्या बेसकडे सरकतो. त्याच वेळी फर्स्ट बेसमनने चेंडू नसताना तिची वाट अडवली का, हेही त्यालाच पाहायचे असते. अडवली तर तो डावा हात आडवा धरतो. खेळ लगेच थांबत नाही, भरपाई नंतर ठरते. त्या आडव्या हाताकडे प्रेक्षकांचे बहुधा लक्षच नसते. मग रनर आउट झाल्यावरही तिला बेस दिला, की 'हे काय?' म्हणून आरडाओरडा होतो.

चोरटी धाव म्हणजे स्टील. त्यात वेळ आणखी कमी. कॅचरने ताशी ९० किलोमीटर वेगाने थ्रो केला, तर दुसऱ्या बेसपर्यंतचे सुमारे २६ मीटर अंतर कापायला चेंडूला सेकंदाहून थोडाच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात 'बी'वरच्या पंचाने पावले टाकायची, कोन मिळवायचा, थांबायचे आणि टॅग पाहायचा.

प्लेट अंपायर फक्त होम प्लेटच पाहतो का?

नाही. दोन पंचांची पद्धत चालते ती प्लेट अंपायर जागा सोडून पळतो म्हणून. साधारण वाटणी अशी :

• बेस रिकामे असताना चेंडू इनफिल्डमध्ये गेला, तर प्लेट अंपायर बॅटर-रनरच्या मागे पहिल्या बेसच्या दिशेने जातो. ती आखलेल्या मार्गिकेतून धावते आहे का आणि फर्स्ट बेसमनचा पाय बेसवरून सुटला का, हे त्याला त्या बाजूने दिसते.

• पहिल्या बेसवरची रनर फटक्यावर तिसऱ्या बेसकडे निघाली, तर तिसऱ्या बेसवरचा निर्णय प्लेट अंपायर घेतो. बेस अंपायर मागच्या बॅटर-रनरकडे लक्ष देतो.

• झेल घेतला की सुटला, अशी शंका असलेला उंच चेंडू पाहायला बेस अंपायर 'ए'वरून आउटफिल्डकडे धावला, तर त्या खेळापुरती बॅटर-रनर सगळ्या बेसवर प्लेट अंपायरची.

• बॅट अर्धी फिरवून थांबवली, त्यावर शंका असेल तर प्लेट अंपायर बेस अंपायरला विचारू शकतो. बाजूने पाहणाऱ्याला बॅट किती फिरली हे जास्त कळते.

• चेंडू पिचरच्या वर्तुळात पिचरकडे असताना (वर्तुळाची त्रिज्या ८ फूट) बेसबाहेर असलेल्या रनरला थबकून राहता येत नाही. पुढे तरी जायचे, नाहीतर मागे. यावर दोघांचीही नजर असते.

पहिल्या बेसवर अनेक ठिकाणी डबल बेस असतो. फेअर भागात पांढरा, फाउल भागात केशरी. टक्कर टळावी म्हणून, थ्रो येत असताना बॅटर-रनरने केशरी भागावर आणि फिल्डरने पांढऱ्यावर पाय ठेवायचा. त्यामुळे कोणाचा पाय कोणत्या रंगावर पडला, हेही त्याच अर्ध्या सेकंदात पाहायचे.

ही वाटणी सामना सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत दोघे बोलून पक्की करतात. फाउल रेषेवरचा चेंडू कोणाचा, झेलानंतर कोणत्या रनरचा पाय कोण पाहणार, तिसऱ्या बेसवर कोण जाणार. खेळ चालू असतानाही 'तिसरा माझा' असा आवाज द्यावा लागतो. नाहीतर दोन प्रकारची फजिती होते : एकाच खेळावर एकाने 'आउट' आणि दुसऱ्याने 'सेफ' देणे, किंवा दोघांनीही 'तो बघेल' म्हणून गप्प राहणे.

मग दोघांच्याही नजरेतून काय सुटते?

बरेच काही सुटू शकते. टोकियो ऑलिंपिकची २७ जुलै २०२१ ची अंतिम लढत आठवा. जपानने अमेरिकेला २-० ने हरवले. सहाव्या डावात अमेरिकेचा एक सणसणीत फटका जपानच्या तिसऱ्या बेसवरील यू यामामोतो हिच्या हातावर आदळून उडाला. शॉर्टस्टॉप माना आत्सुमीने तो जमिनीला लागण्याआधी झेलला आणि लगेच दुसऱ्या बेसकडे फेकून तिथली रनरही आउट केली. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर झाले.

असाच प्रसंग जिल्ह्याच्या मैदानावर दोन पंचांसमोर घडला तर? चेंडू एका खेळाडूच्या अंगावरून उडाला तरी जमिनीला लागेपर्यंत तो हवेतलाच, म्हणून झेल वैध. पण तो खरोखर जमिनीला लागला नाही ना, हे एकाने पाहायचे. रनर बेसवर परतण्याआधी थ्रो पोहोचला का, हे दुसऱ्या क्षणी पाहायचे. 'सी'वरचा पंच दोन्हींच्या जवळ आहे, पण झेलाच्या वेळी शॉर्टस्टॉपची पाठ त्याच्याकडे आहे. झेल समोरून दिसतो तो प्लेट अंपायरला. अशा वेळी झेल प्लेट अंपायरने सांगायचा आणि बेस अंपायरने दुसऱ्या बेसकडे नजर ठेवायची, हे आधी ठरलेले असेल तरच निर्णय ठामपणे देता येतो.

पहिल्या बेसवरून तिसऱ्याकडे निघालेल्या रनरसाठी प्लेट अंपायर पुढे गेला, की होम प्लेट रिकामी. थ्रो भरकटला आणि रनर होमकडे सुटली, तर त्याला तिच्याआधी परत पोहोचावे लागते. दोन पंचांच्या पद्धतीत कुठली तरी जागा उघडी राहणारच. कोणती उघडी ठेवायची, याची निवड चांगले पंच जाणूनबुजून करतात.

निर्णय चुकला तर दाद मागता येते का?

आउट-सेफ, फेअर-फाउल, बॉल-स्ट्राइक हे पंचांच्या निरीक्षणाचे निर्णय. त्यांवर अधिकृत निषेध नोंदवता येत नाही. नियम चुकीचा लावला गेला असेल, तर मात्र नोंदवता येतो आणि तो सहसा पुढची पिच पडण्याआधी नोंदवावा लागतो. एका पंचाला दुसऱ्याचा निर्णय परस्पर फिरवता येत नाही. ज्याने निर्णय दिला तोच सहकाऱ्याचे मत विचारू शकतो. त्यामुळे 'मला वाटतं फिल्डरचा पाय सुटला होता, तुमच्या जोडीदाराला विचाराल का?' असे शांतपणे म्हणणारा प्रशिक्षक आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा जास्त मिळवतो. पाय सुटल्याचे दिसेल असा कोन त्या क्षणी प्लेट अंपायरकडे असू शकतो.

चूक जगातल्या नावाजलेल्या पंचांकडूनही होते. २ जून २०१० रोजी अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या आर्मांडो गालारागाने सलग २६ बॅटर बाद केले होते. सत्ताविसावाही पहिल्या बेसवर आउट होता. पण पहिल्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी 'सेफ' दिले आणि 'परफेक्ट गेम' हुकला. मैदानात चार पंच होते. सामन्यानंतर रिप्ले पाहून जॉइस यांनी चूक उघडपणे मान्य केली. २०१४ पासून त्या लीगमध्ये अशा निर्णयांसाठीही रिप्ले आला. जिल्ह्याच्या मैदानावर ती सोय नाही, म्हणून तिथे जागा आणि कोन यांचे मोल अधिक.

पुढचा सामना पाहताना काय पाहाल?

• पिच पडण्याआधी रनर कुठे आहे आणि बेस अंपायर त्यानुसार 'ए', 'बी' की 'सी'वर आहे?

• चेंडू आउटफिल्डला गेल्यावर तो आत आला का?

• निर्णयाच्या क्षणी तो थांबलेला होता की पळत होता?

• तो किती जवळ होता, याआधी कोणत्या बाजूला होता हे पाहा.

या चारही गोष्टी बरोबर असतील आणि तरी निर्णय पटला नाही, तर बहुधा तुमच्यापेक्षा त्याला नीट दिसले आहे. चारही चुकत असतील तर तक्रार रास्त आहे. ती निर्णयावर करून उपयोग नाही. ती स्पर्धेच्या आयोजकांकडे, पंचांच्या प्रशिक्षणाबद्दल करायला हवी. पाच फूट जवळ सरकवलेला पंच ती चूक सुधारणार नाही. कोन शिकलेला पंच सुधारेल.